लाँड्रीच्या पाण्यावरची भिंगरी

२ मार्च, सोमवार

आजपासून ही वही. यंत्राची वही वेगळी आहे. ती शेडमध्ये भिंतीला दोरीनं टांगली आहे आणि तिच्यात फक्त आकडे आणि शेरे. इथे बाकीचं सगळं लिहायचं: माझा राग, माझी बढाई आणि माझी भीती.

भीती आधी उरकून घेते. पंपांच्या कारखान्यातली अकरा वर्षांची नोकरी सोडून मी एका लाँड्रीच्या मागच्या शेडमध्ये येऊन बसले आहे, आणि माझ्याजवळ आहे तळहाताएवढं एक चाक. चाळीस पाती, मिनिटाला तीस हजार फेरे. आई त्याला भिंगरी म्हणते. आधी मला राग यायचा, आता मीही भिंगरीच म्हणते.

कल्पना साधी आहे. लाँड्रीत इस्पितळांच्या चादरी धुतात आणि ते पाणी अठ्ठ्याहत्तर अंशांवर गटारात सोडून देतात. पाण्याला उकळायला शंभर अंश लागतात, म्हणून एवढ्याशा उष्णतेकडे कुणी ढुंकून बघत नाही. पण माझ्या नळ्यांत पाणी नाही, हाताच्या उबेनं उकळेल असा द्रव आहे. त्याची वाफ भिंगरीला फिरवते, भिंगरी जनित्राला फिरवते. पुढे मशीनांकडे जाणारं गार पाणी त्या वाफेचा पुन्हा द्रव करतं आणि पंप त्याला परत गरम बाजूला ढकलतो. झालं. कागदावर तरी झालं.

मालकीणबाईंची अट अशी: "इस्त्रीच्या हॉलमधले सगळे दिवे आणि दोन्ही पंखे. आठ तास. कुणी हात न लावता. मला आणखी एक माणूस सांभाळायचा नाहीये. जमलं तर यंत्र मी घेते आणि शेड तुझी. नाही जमलं तर तीस तारखेला तिथे वाळवणीचं मशीन बसेल."

चाचणी वीस तारखेला. मी "हो" म्हटलं तेव्हा आवाज बरा आला.

५ मार्च, गुरुवार

भिंगरी फिरली! इस्त्रीच्या हॉलमधले दिवे लागले, सगळ्या बायका हातातली इस्त्री उभी करून वर बघायला लागल्या. मी कारखान्यात पंपांची शेकडो चित्रं काढली, पण एकाही पंपाकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

चाळीस मिनिटांनी दिवे मंद झाले, मग गेले. बायकांनी पुन्हा इस्त्री धरली. मी वाफ सोडणाऱ्या तोटीची फट मोजली. दोन केसांएवढी जास्त आहे. घोडं तिथंच पेंड खात असणार.

रात्री आईचा फोन. "उद्यापासून यांना तुझ्याकडे घेऊन जा बाई. दिवसभर घरात कुकरच्या शिट्ट्या मोजत बसतात. हाक मारली तर ऐकू येत नाही. कान गेले वाटतं."

बाबा याच लाँड्रीत एकतीस वर्षं बॉयलर सांभाळायचे. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बटण आलं. त्यांना शेडमध्ये बसवून मी काय करू? पण आईपुढे आजवर कुणाचं चाललंय!

६ मार्च, शुक्रवार

बाबा आले. इकडेतिकडे बघितलं, लाँड्रीचं पाणी जिथे जमतं त्या हौदात वाकून बघितलं, आणि सगळी शेड सोडून नेमकं हौदाकडे येणाऱ्या नालीजवळ स्टूल मांडलं. तिथे जमिनीतून एक गंजकी लोखंडी पट्टी चार बोटं वर आली आहे. मी दोनदा ठेचकाळले आहे, कापूनच टाकायला सांगणार होते. बाबा तिथे बसल्यामुळे निदान कुणाचा पाय मोडणार नाही. एका बाबतीत तरी उपयोग झाला.

तोटीची फट कमी केली. भिंगरी तीन तास चालली. अडखळली नाही. फटच होती! यंत्राच्या वहीत लिहिलं: "तापमान स्थिर, ७७. उत्तम."

९ मार्च, सोमवार

साडेचार तास. पुन्हा उत्तम.

बाबा पेपर वाचत बसतात. मध्येच मान तिरकी करून डोळे मिटतात. झोप लागते बिचाऱ्यांना. मी म्हटलं, "बाबा, घरी जाऊन आडवे व्हा." ऐकूच आलं नाही. आई म्हणते ते खरं आहे.

१० मार्च, मंगळवार

आज सगळं बोंबललं. पस्तीस मिनिटं चालली, मग हौदाचं तापमान ६१. दिवे गेले. पुन्हा सुरू केली, पुन्हा गेले. सहा वेळा. सहाव्या वेळी हॉलमधून इस्त्रीवाल्या मावशींचा आवाज आला, "अगं, लपाछपी खेळतेस का आमच्याशी?"

तोंड लपवायला जागा नव्हती. बरं झालं बाबा नव्हते, त्यांच्या नव्या दातांचं माप द्यायला डॉक्टरकडे गेले होते. नाहीतर त्यांच्यासमोर माझी शोभा झाली असती.

११ मार्च, बुधवार

आज पाच तास! कालचं काय होतं मग? मी रात्री नळीवर जाड कापडी वेष्टण घातलं होतं, त्याचा गुण दिसतोय. "तापमान स्थिर. उत्तम. फारच छान."

बाबा सकाळी आल्याबरोबर चष्मा लावून यंत्राची वही वाचतात. रोज. बॉयलरच्या सवयी जात नाहीत. वाचतात, वही नीट सरळ टांगतात आणि स्टुलावर बसतात. आज शिट्टी वाजवत बसले होते.

१३ मार्च, शुक्रवार

बाबांशी थोडं वाजलं. त्यांना पाय हलवत बसायची वाईट खोड लागली आहे. आधी कधी नव्हती. मी महत्त्वाचे आकडे घेत असते आणि यांचा पाय खाली जातो, वर येतो. मी म्हटलं, "बाबा, पाय हलवू नका हो, माझं लक्ष जातं." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बरं, हळू हलवतो."

हळू हलवतो! वय झालं की माणसाचं लहान मूल होतं म्हणतात, ते असं.

सहा तास चालली.

१७ मार्च, मंगळवार

पुन्हा मंगळवार, पुन्हा ६१. मी शुभ-अशुभ मानत नाही, पण या वाराला माझ्याशी काय वैर आहे कळत नाही. दिवसभर डोकं खाजवून एक उपपत्ती काढली: मंगळवारी इस्पितळाच्या जाड चादरी येत असणार. जाड कापड उष्णता पिऊन टाकतं, म्हणून पाणी गार होतं. मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "चादरी रोज त्याच येतात गं." पण त्यांना कापडाच्या जाडीतलं काय कळणार?

(हे वाक्य खोडत नाही. तीस वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईला कापडातलं काय कळणार, असं मी लिहिलं, हे माझ्या लक्षात राहायला हवं. — २१ मार्च)

चाचणी शुक्रवारी आहे. मंगळवार नाही. सुटले.

१९ मार्च, गुरुवार

सात तास वीस मिनिटं. उत्तम, उत्तम, उत्तम. मालकीणबाईंना तापमानाचा आलेख दाखवला. इस्त्री केल्यासारखी सरळ रेघ. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि "उद्या बघू" म्हणाल्या.

संध्याकाळी बाबांना सांगितलं, "उद्या येऊ नका. कुणी हात न लावता चालायला हवं, उगीच कुणाला शंका नको. आणि तुम्ही पाय हलवता त्यानं मी गांगरते."

बाबा म्हणाले, "उद्या नको?"

"नको."

"म्हणजे तू सोय केलीयस."

"सगळी सोय झालीय बाबा."

त्यांनी स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि गेले. जरा बारीक तोंड झालं होतं. चाचणीनंतर त्यांना काहीतरी छान आणीन.

२० मार्च, शुक्रवार

पडले. तीन तास वीस मिनिटं. त्यातही दोनदा दिवे गेले होते, मालकीणबाई चहाला गेल्या होत्या म्हणून दिसलं नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या भिंगरीसमोरच उभ्या होत्या. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी नालीच्या कडेला बसून रडत होते. खोटं कशाला लिहू, हुंदके देऊन रडत होते. मावशी आल्या, शेजारी बसल्या.

"बाबा कुठेत आज?"

"घरी. मीच नको म्हटलं."

"मग झडप कोण हलवणार?"

"कुठली झडप?"

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चादरीला सतरंजीच म्हटलं होतं. मग त्या उठल्या आणि त्या गंजक्या लोखंडी पट्टीवर पाय दिला. नालीत खाली काहीतरी खळ्ळकन फिरलं आणि हौदाकडे येणारं पाणी वळून बाहेरच्या गटाराकडे गेलं.

"धुण्याचं गरम पाणी हौदात, विसळणीचं गार पाणी बाहेर," मावशी म्हणाल्या. "तीन नंबरचं मोठं मशीन विसळायला लागलं की तुझे बाबा पाय देतात. त्या गरम पाण्यानं बॉयलरची टाकी कोमट राहावी म्हणून त्यांनीच बसवली होती ही झडप, वीस वर्षं झाली. अगं, आम्हाला सगळ्यांना वाटलं तूच त्यांना ते काम दिलंयस! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

हौदात चार मशीनांचं पाणी मिसळून सरासरी आपोआप निघेल, असं मी धरून चालले होते. माझ्या चित्रात झडप नव्हती. लाँड्रीच्या चित्रातही नव्हती. ती फक्त बाबांच्या पायाखाली होती. आणि दोन्ही मंगळवारी तो पाय दातांच्या डॉक्टरकडे गेला होता.

पाय हलवू नका, म्हटलं होतं मी त्यांना.

२१ मार्च, शनिवार

सकाळी घरी गेले. बाबा गॅलरीत बसले होते. आईनं दार उघडतानाच कुजबुजून विचारलं, "भांडलात का गं दोघं? कालपासून शिट्ट्यासुद्धा मोजत नाहीत."

मी सरळ विचारलं. "बाबा, झडप तुम्ही हलवत होतात?"

"हो."

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं कुठे? आणि सांगायचं काय त्यात? तुला माहीतच होतं."

"मला कुठे माहीत होतं?"

"रोज लिहीत तर होतीस. तापमान स्थिर, उत्तम." बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागले. "मला वाटलं, तोंडावर सांगायला लाजतेस, म्हणून वहीत लिहितेस. फारच छान, असंसुद्धा लिहिलं होतंस एकदा. एकतीस वर्षं बॉयलर चालवला मी. बंद पडला की दहा माणसं यायची जाब विचारायला. चालू असला की कुणी आत डोकावून बघत नव्हतं."

मला एकदम रडू आलं. खोटं बोलणं सोपं होतं. हो बाबा, तुम्हालाच लिहीत होते, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण बाबांना आवाजावरून मशीन कळतं, तिथे मी कळणार नाही?

"मी ते भिंगरीला लिहीत होते, बाबा. मला वाटायचं तिच्यामुळेच चाललंय."

बाबा हसले. "म्हणजे दोन आठवडे मी फुकटच फुगलो होतो."

"फुकट नाही. शेरा बरोबरच होता. मीच नाव चुकले."

चष्मा पुसून स्वच्छ झाला तरी बाबा पुसत होते.

मग म्हणाले, "पण बाई म्हणाल्या होत्या कुणी हात लावायचा नाही. मी काही हात लावला नाही हं. पाय लावला."

आई आतून म्हणाली, "हाक मारली तर ऐकू येत नाही आणि तिथे मशीनचं विसळणं ऐकू येतं!"

बाबा हळूच मला म्हणाले, "तुझ्या आईचं पण येतं. पण ती हाक मारते ते काम सांगायलाच."

२३ मार्च, सोमवार

मालकीणबाईंना सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं, मी त्यांना ती सरळ रेघ दाखवून बसले होते. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा अजिबात हलत नव्हता.

"म्हणजे माझ्याच माणसाच्या जोरावर तू मला यंत्र विकत होतीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुला ते माहीत नव्हतं."

"नाही."

"हे मात्र मला पटतं." आणि खो खो हसायला लागल्या. एवढं हसायला काय झालं कळेना, पण हसत्या माणसाकडे मागून घ्यावं, म्हणून शनिवार मागून घेतला. अट तीच. हात नाही, आणि आता पायही नाही. पुढच्या सोमवारी तीस तारीख आहे आणि वाळवणीच्या मशीनची गाडी निघाली आहे.

२५ मार्च, बुधवार

झडपेला छोटी मोटर लावली. आधी माझी अक्कल चालवली: हौदाच्या तोंडाशी तापमापक, पाणी गार लागलं की झडप फिरवायची. गार पाणी कळेपर्यंत पंधरा बादल्या आत आलेल्या असतात. बाबा म्हणाले, "तहान लागल्यावर विहीर खणतंय तुझं हे."

"मग तुम्हाला आधी कसं कळतं?"

हा प्रश्न मी सहा मार्चला विचारायला हवा होता. बाबांनी मला हाताला धरून तीन नंबरच्या मशीनपाशी नेलं. "डोळे मीट. ड्रम थांबला? आता खट्ट वाजेल. वाजलं? आता मोज." मी सातपर्यंत मोजलं आणि नालीतला आवाज बदलला, गार पाणी आलं. पुढच्या वेळीही सात. त्याच्या पुढच्या वेळीही. दार उघडल्याचा आवाज आला की झडप परत फिरवायची.

खट्ट म्हणजे गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज. वायरमनला बोलावलं, त्या व्हॉल्व्हपासून मोटरपर्यंत तार ओढून घेतली, सात सेकंदांचा उशीर ठेवला. वायरमन म्हणाला, "पाच ठेवू या की, गोल आकडा." बाबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मुकाट्यानं सात ठेवले.

दिवसभर दोघं कामात होतो. झडप स्वतःहून फिरायला लागल्यावर बाबा स्टुलावरून उठले आणि जरा वेळ कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना. ते मला दिसलं. आज बऱ्याच गोष्टी दिसल्या.

२८ मार्च, शनिवार

आठला सुरू केली.

मालकीणबाईंनी बाबांना शेडमधून उचलून इस्त्रीच्या हॉलमध्ये स्वतःशेजारी खुर्चीवर बसवलं. "इथे, माझ्या डोळ्यांसमोर. आणि दोन्ही पाय जमिनीवर." बाबा परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. मी शेड आणि हॉलच्या मधल्या दारात उभी होते, एक डोळा झडपेवर, एक बाबांवर.

तीन नंबर विसळायला लागलं. बाबांची मान तिरकी झाली. सात मोजून त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेत खाली गेला, आणि त्याच क्षणी माझ्यामागे मोटर घुर्रली. झडप फिरली. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

अकरा वीस झाले. मागच्या खेपेची वेळ. दिवे लागलेले. मावशींनी हाताचा अंगठा उंचावून मला शाबासकी दिली आणि इस्त्री चालू ठेवली.

प्रत्येक विसळणीला बाबांच्या पायाचा अंगठा खाली जायचा, झडप फिरायची. कधी अंगठा अर्धा क्षण आधी, कधी झडप. एक वाजता हौद ७७. दोन वाजता ७७. पाणी प्यायलासुद्धा मी दारातून हलले नाही.

सव्वातीनच्या सुमारास खट्ट वाजलं. मी मोजलं. झडप फिरली, पाणी बाहेरच्या गटाराला लागलं. अंगठा हलला नाही. पुन्हा बघितलं. बाबांची हनुवटी छातीवर टेकली होती, पेपर मांडीवरून घसरला होता आणि ते झोपले होते. अगदी खरे झोपले होते, तोंड उघडं टाकून, नवे दात दाखवत.

मला जे वाटलं ते लिहिते. मालकीणबाईंनी काहीही ठरवलं तरी चालेल असं वाटलं.

चार वाजले. आठ तास. मालकीणबाईंनी टाळी वाजवायला हात उचलले. मी ओठांवर बोट ठेवलं, त्यांनी हात तसेच खाली घेतले. इस्त्रीच्या सगळ्या बायका गप्प. दिवे चालू, पंखे चालू. मालकीणबाई चवड्यांवर माझ्याकडे आल्या आणि कुजबुजल्या, "वाळवणीचं मशीन अंगणात छप्पर घालून बसवते. शेड तुझी. आणि माझ्या बहिणीची लाँड्री आहे, तिला अशीच एक हवीय."

मावशींच्या हातून हँगर पडला. बाबा दचकून जागे झाले. "गेले दिवे?"

"नाही बाबा. आठ तास झाले."

"आठ झाले? मग मला कुणी उठवलं का नाही?"

"गरज पडली नाही," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

बाबांनी वरच्या दिव्यांकडे बघितलं, एकेक मोजल्यासारखे सगळे बघितले. चेहऱ्यावरून काही कळेना. मग वाकून पेपर उचलला, घडी घातली.

"बाईंच्या बहिणीकडे मशीनं कुठली आहेत?" त्यांनी विचारलं. म्हणजे झोपेतही कान चालूच होते.

"माहीत नाही."

"मग पहिल्या दिवशी मला तिथे नुसतं बसू दे. तू मापाची टेप काढायची नाहीस, वही काढायची नाहीस. माझ्याशेजारी बसायचं आणि ऐकायचं."

"कबूल," मी म्हटलं. सोमवारी सकाळी नऊला निघायचं ठरलं आहे.